रेड विंग्ज: पाच सामने, ८४ गुण आणि फ्रीजरमधला अष्टपाद

नोव्हीचे नाना | ८ एप्रिल २०२४

आज दुपारी सव्वातीनच्या सुमाराला आमच्याकडे सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार. ऑफिसातली निम्मी मंडळी खग्रास बघायला सकाळीच टोलेडोच्या दिशेने पळाली. मी ग्रहणाचा चष्मा खिशात ठेवून गुणतक्ता बघत बसलोय. ग्रहणात नवीन काही सुरू करू नये असं आई सांगायची, पण धागा काढणं हे काही शुभकार्य नाही, तेव्हा चालून जावं.

तर विषय डेट्रॉइट रेड विंग्ज. बर्फावरची हॉकी. ७७ सामने झाले, ८४ गुण झाले, पाच सामने उरले. पूर्वेकडची प्लेऑफची शेवटची जागा आत्ता आमच्या हातात आहे, पण ओला साबण हातात असतो तशी. वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया तिघेही अगदी पाठीला लागून उभे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ३२ संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, त्यातले १६ प्लेऑफला. पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन गट. गटातले पहिले तीन थेट आत, आणि प्रत्येक बाजूच्या उरलेल्यांतले सर्वांत जास्त गुणवाले दोघे वाइल्ड कार्डवर. जिंकलात तर दोन गुण. साठ मिनिटांत हरलात तर भोपळा. पण साठ मिनिटं बरोबरीत काढून मग ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक गुण. या एका गुणावरून इथे घराघरांत वाद होतात.

मी २००१ च्या डिसेंबरात पिंपरीहून इथे आलो. थंडीनं जीव नकोसा झाला होता. लॅबमधल्या एका सहकाऱ्याने जादाचं तिकीट हातात ठेवलं आणि जो लुई अरीनात नेलं. आयझरमन, फेडोरोव्ह, लिडस्ट्रॉम, शॅनहन, ब्रेट हल आणि जाळ्यात हाशेक! मला वाटलं हॉकी अशीच असते. त्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आला, म्हणजे आल्या आल्या सहा महिन्यांत माझं पोट भरलं. तेव्हा प्लेऑफ हा विषय कोणी काढत नसे, पावसाळा येणार का असं कोणी विचारतं का? सलग २५ मोसम हा संघ प्लेऑफ खेळला. २०१६ मध्ये टँपाकडून हरलो, आणि तेव्हापासून कोरडा दुष्काळ.

माझी मुलगी २००९ ची. पिट्सबर्गने आमच्याच मैदानात अंतिम फेरीचा सातवा सामना २-१ ने मारून कप नेला, तेव्हा ती तीन आठवड्यांची होती आणि मी तिला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर होतो. २०१६ ला सात वर्षांची व्हायची होती, दुसऱ्या पिरियडलाच झोपायची. आता पंधरा पुरी होतील. शाळेतल्या निम्म्या मुलांच्या अंगात लाल जर्सी, आणि त्यातल्या एकालाही प्लेऑफचा सामना नीट आठवत नाही. आमचं नवं मैदान, लिटल सीझर्स अरीना, २०१७ ला उघडलं. त्या इमारतीत आजवर एकही प्लेऑफचा हॉकी सामना झालेला नाही! एवढं मोठं कार्यालय बांधलं आणि त्यात एक लग्न लागू नये, तसं झालंय.

कप नको. एक फेरी हरलो तरी चालेल. मला फक्त एक रात्र हवी आहे, एप्रिलच्या शेवटी, लेकीला शेजारी बसवून.

तेवढ्या आशेवर ईस्टर्न मार्केटमधून एक अष्टपाद आणून फ्रीजरमध्ये ठेवलाय. का, ते विचारलंत तर सांगेन.

मिसिसागाकर | ८ एप्रिल

नाना, २५ वर्षं सलग खाल्लंत, आता आठ वर्षं उपास घडला तर एवढा धागा? आमच्या टोरोंटोचा शेवटचा कप १९६७ चा. माझ्या बाबांची मुंज व्हायची होती तेव्हा.

(दिवे घ्या. १३ तारखेला तुम्ही आमच्याकडेच येताय. जर्सी गाडीतच काढून ठेवा.)

खडकीवाला | ८ एप्रिल

शीर्षक वाचून धावत आलो, आत बघतो तर बर्फ! मी धनराज पिल्लेच्या खडकीचा. आमच्यात हॉकी म्हणजे हॉकी, बाकीच्यांनी आधी विशेषण लावावं.

पण आशेचं म्हणाल तर आमच्याकडून शिका. मॉस्कोचं सुवर्ण १९८०, त्यानंतर पदक थेट २०२१ ला टोकियोत. ४१ वर्षं. चार ऑलिम्पिक खेळूनही धनराजच्या गळ्यात त्यातलं एकही पदक पडलं नाही. जर्मनीविरुद्ध ५-४ ने पुढे, शेवटची काही सेकंदं, त्यांना पेनल्टी कॉर्नर आणि जाळ्यात श्रीजेश. त्याने तो अडवला तेव्हा आमच्या चाळीत सत्तरीच्या माणसांनी उड्या मारल्या. तुमची आठ वर्षं म्हणजे मधल्या सुट्टीएवढी.

पहाटचहा | ८ एप्रिल

मी पुण्यातून. हे सामने आमच्याकडे पहाटे साडेचारला लागतात. नवरा शिकागोत असताना त्याला हे वेड लागलं, ते तो इथे घेऊन आला आणि आता मीही चहाबरोबर बघते. पक, म्हणजे ती काळी चकती, अजूनही दिसत नाही, माणसं कुठे बघताहेत त्यावरून अंदाज घेते.

अष्टपादाचं सांगाच.

नोव्हीचे नाना | ८ एप्रिल

@पहाटचहा ताई, पक मलाही पहिला हिवाळाभर दिसला नव्हता. गोल झाला की लोक उठायचे, त्यांच्यामागून मी उठायचो.

अष्टपाद: १९५२ सालची गोष्ट. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ. कप जिंकायला प्लेऑफचे आठ विजय पुरायचे. ईस्टर्न मार्केटमध्ये कुसिमानो नावाच्या भावांचं मासळीचं दुकान होतं. पीट आणि जेरी. त्यांच्या डोक्यात आलं, याला आठ पाय, आपल्याला आठ विजय. उचलला आणि जुन्या ऑलिंपिया स्टेडियममध्ये बर्फावर फेकला. त्या वर्षी विंग्जनी आठच्या आठ सामने जिंकून कप नेला. तेव्हापासून प्लेऑफ आले की बर्फावर अष्टपाद पडतो. आता १६ विजय लागतात, पण दोन अष्टपाद फेकावेत असं अजून कोणी ठरवलेलं नाही.

आता मजा बघा. तो दिवस होता १५ एप्रिल, आणि समोर होते मॉन्ट्रियल. यंदा १५ एप्रिलला आमचा घरचा शेवटचा सामना आहे, आणि समोर कोण? मॉन्ट्रियल. बहात्तर वर्षांनी तीच तारीख, तोच पाहुणा. तिकिटं काढली आहेत, लेक आणि मी.

ट्रॉयची तारा | ८ एप्रिल

नाना, तुमच्या तोंडात साखर पडो, पण मी मार्च विसरलेली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काय वारं होतं! सलग सहा जिंकलो होतो. त्यात २५ फेब्रुवारीची ती शिकागोची रात्र. त्यांच्या जुन्या खेळाडूची, चेलिओसची, जर्सी सन्मानाने छताला चढली, आणि पॅट्रिक केनने, ज्याला त्याच लोकांनी इतकी वर्षं डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्याच घरात ओव्हरटाइमचा गोल मारून आपल्याला जिंकवलं. कंबरेच्या सांध्याची एवढी मोठी शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या ग्रुपवर लोक प्लेऑफच्या तिकिटांचे भाव विचारायला लागले होते. मग लार्किन जायबंदी झाला आणि सलग सात हरलो. सात! कर्णधार नाही तर संघ नाही, असं असेल तर तो संघच कसला?

आणि ८ मार्चला खेळाडू अदलाबदलीची मुदत संपली, तेव्हा आयझरमन साहेबांनी, म्हणजे आपल्या जनरल मॅनेजरनी, काय मोठं आणलं? काही नाही. 'योजनेवर विश्वास ठेवा' हे मी २०१९ पासून ऐकतेय.

नोव्हीचे नाना | ८ एप्रिल

तारा, मार्च मलाही चावतो. पण एक बाजू बघ. लार्किन परत आलाय, आणि जाळ्यात ॲलेक्स लायन आहे. गेल्या वर्षी फ्लोरिडा अशाच दारात उभी होती. तेव्हा त्यांचा मुख्य गोली बाहेर आणि मोसमाच्या शेवटी सामन्यामागून सामने जिंकून देणारा कोण? हाच लायन. ९२ गुणांवर शेवटून आत शिरले, पिट्सबर्ग ९१ वर बाहेर राहिले. आणि मग त्या फ्लोरिडाने पहिल्याच फेरीत ६५ सामने जिंकलेल्या बॉस्टनला घरी पाठवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. दार किती उघडं आहे ते महत्त्वाचं नाही, आत शिरता येतं की नाही एवढंच.

आयझरमनबद्दल मी वाद घालणार नाही. ज्याने माझा पहिला कप उचलला त्याच्यावर रागावता येत नाही, हा माझा दोष आहे.

गणिती | ८ एप्रिल

भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. गुण समान झाले तर आधी बघतात ते साठ मिनिटांत मिळवलेले विजय. ओव्हरटाइमचे, शूटआउटचे धरत नाहीत. विंग्ज यात वॉशिंग्टनच्या थोडे मागे आहेत, पाच सामन्यांत तो फरक भरून काढावा लागेल. म्हणजे तो भरला नाही आणि बरोबरी झाली तर तुम्ही बाहेर. हे डोक्यात ठेवून हिशेब करा. प्रत्यक्षात तुम्ही एक गुण पुढे नाही आहात, अर्धाच पुढे आहात.

मिसिसागाकर | ८ एप्रिल

हे म्हणजे नेट रन रेट.

गणिती | ८ एप्रिल

नाही. नेट रन रेट दर सामन्याला वरखाली होतो, इथे नुसती मोजदाद आहे. आणि गंमत म्हणजे गोलांचा फरक बघितला असता तर वॉशिंग्टन कधीच बाहेर पडलं असतं, त्यांनी मारलेत त्यापेक्षा खाल्लेत कितीतरी जास्त. पण तो निकष फार खाली येतो.

रेस्टनची रेवा | ९ एप्रिल

वॉशिंग्टनचं नाव निघालं म्हणून आले. हो, मी कॅपिटल्सवाली, २०१८ चा कप रस्त्यावर नाचून साजरा केलेली. आमचे आकडे वाईट आहेत, मान्य. ओव्हेचकिन मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात हरवल्यासारखा खेळत होता, आता जागा झालाय.

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. आज संध्याकाळी आम्ही तुमच्या घरी येतोय, नाना. श्रीखंड ठेवा.

नोव्हीचे नाना | ९ एप्रिल

या, या. साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, आज हरायचं नसतं. गॅलरीत गुढी उभी केलीय, वारा इतका आहे की गडूला दोरीने जखडलाय. शेजारच्या आजोबांनी विचारलं, हा झेंडा कुठल्या संघाचा? म्हटलं, आमच्याच.

नोव्हीचे नाना | ९ एप्रिल, रात्री

१-२.

लिंडग्रेन नावाच्या माणसाने जाळ्यासमोर भिंत बांधली होती. आपण मारत राहिलो, तो अडवत राहिला. त्यांचे ८५, आपले ८४. श्रीखंड मी एकट्याने संपवलं.

रेस्टनची रेवा | ९ एप्रिल, रात्री

काही बोलत नाही. (मनातल्या मनात नाचतेय.)

ट्रॉयची तारा | १० एप्रिल

काल तिकडे मॉन्ट्रियलने फिलाडेल्फियाला ९-३ ने धुतलं. प्लेऑफच्या शर्यतीतून कधीच बाद झालेला संघ! आपले शेवटचे दोन सामने त्यांच्याशीच, ते 'सोपे' म्हणून मोजत होता ना सगळे? ज्यांना गमवायला काही नसतं ते असेच मोकळे खेळतात.

खडकीवाला | १० एप्रिल

मी रात्री जागून, म्हणजे पहाटे उठून, पहिल्यांदा हा खेळ पाहिला. एक विचारायचंय. मारामारी झाली तर पंच मध्ये का पडत नाहीत? आमच्या लीगमध्ये नुसती काठी वर केली तरी पिवळं कार्ड.

मिसिसागाकर | १० एप्रिल

पडतात, पण दोघं दमल्यावर. मग पाच पाच मिनिटं पेटीत बसवतात. शाळेत बाकावर उभं करायचे तसं.

नोव्हीचे नाना | ११ एप्रिल, रात्री

पिट्सबर्ग. ५-६, ओव्हरटाइम, कार्लसन. एक गुण मिळाला, ८५. तो एक गुण म्हणजे काय हे आज कळलं. श्राद्धाला गेल्यावर हातावर दक्षिणा ठेवतात तसा वाटतो.

बायको म्हणाली, त्या अष्टपादामुळे कोळंबीला जागा नाही, कधी काढणार? म्हटलं, तीन सामने थांब.

मालवणी मसाला | १२ एप्रिल

वहिनी कुठल्या?

नोव्हीचे नाना | १२ एप्रिल

वेंगुर्ल्याच्या. माहेरी माकूल आवडीने खातात, पण हा प्राणी बर्फावर फेकायला आणलाय हे तिला अजून पटलेलं नाही. अन्नाचा अपमान म्हणते. उत्तर नाही माझ्याकडे.

गणिती | १२ एप्रिल

सद्यस्थिती: वॉशिंग्टन काल बफेलोत हरले, ते ८५ वरच. पिट्सबर्ग ८६. फिलाडेल्फिया ८५. विंग्ज ८५. तीन सामने. तिन्ही जिंकलात तर ९१. बहुतेक वर्षी ९१ पुरत नाही, यंदा पुरू शकेल. मग वॉशिंग्टन उरलेल्या तिन्हींपैकी एक जरी हरलं आणि पिट्सबर्गही एक साठ मिनिटांत हरलं, तर तुम्ही आत.

नोव्हीचे नाना | १२ एप्रिल

त्यांचे उरलेले कोण?

गणिती | १२ एप्रिल

टँपा, बॉस्टन, फिलाडेल्फिया. पहिले दोन प्लेऑफमध्ये पक्के, तिसरा जिवावर उदार. कागदावर तिन्ही जिंकणं अवघड आहे.

ट्रॉयची तारा | १२ एप्रिल

कागदावर. हं.

मिसिसागाकर | १३ एप्रिल, रात्री

अभिनंदन, नाना. ५-४. लार्किनने ओव्हरटाइममध्ये संपवलं. आमच्या मॅथ्यूजचा मोसमातला ६९ वा गोल झाला, म्हणून मला फार दुःख नाही. सत्तर होतील का हाच आमच्याकडे सध्या राष्ट्रीय प्रश्न आहे.

नोव्हीचे नाना | १३ एप्रिल, रात्री

८७!!! मुलगी जिन्यावरून ओरडत खाली आली. कुत्रा घाबरून टेबलाखाली.

रेस्टनची रेवा | १३ एप्रिल, रात्री

आम्हीही जिंकलो, टँपाला हरवलं. ८७. सॉरी.

पहाटचहा | १४ एप्रिल

आमच्या घरात फूट पडली आहे. नवरा म्हणतो शिकागोवाल्याने डेट्रॉइटला पाठिंबा देणं पाप आहे. मी म्हटलं, केन तिकडे गेलाय ना, मग मीही गेले. लग्नात मुलगी सासरी जाते ते चालतं.

नोव्हीचे नाना | १६ एप्रिल, पहाटे

झोप येत नाहीये, लिहून टाकतो.

काल १५ एप्रिल. पाच वाजताच निघालो. वुडवर्डवर लाल जर्सीचा पूर. आत गेल्यावर लेकीने वर टांगलेले कपांचे झेंडे मोजले, अकरा. मला विचारलं, तू यातले किती पाहिलेस? म्हटलं दोन, २००२ आणि २००८. ती म्हणाली, नॉट फेअर.

मॉन्ट्रियलने सुरुवातीला आम्हाला असं नाचवलं की मागच्या रांगेतले एक काका जाकीट घालून निघायच्या तयारीत. पिछाडी वाढली तसा माझ्या शेजारी आवाज बंद. मी फोनवर वॉशिंग्टन बघत होतो, तेही बॉस्टनला दाबून होते. लेकीने फोन हातातून काढून घेतला. म्हणाली, इकडे बघ, तिकडे बघून काय होणार?

मग एकेक गोल फिटत गेला. बरोबरी झाली तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येईना. ओव्हरटाइममध्ये तीन विरुद्ध तीन, अख्खा बर्फ मोकळा. लुकस रेमंड. बावीस वर्षांचं पोरगं. पक आत गेला आणि मागच्या जाकीटवाल्या काकांनी मला मिठी मारली, ओळख ना पाळख.

५-४. ८९.

अष्टपाद घरीच होता. लेक आदल्या दिवशी म्हणाली होती, १५ एप्रिल आहे, मॉन्ट्रियल आहे, नेऊया. मी नाही म्हटलं. प्लेऑफ लागायच्या आधी फेकला तर त्याला अर्थ नाही. मुहूर्ताआधी अक्षता टाकायच्या नसतात.

वॉशिंग्टनने बॉस्टनला हरवलं, २-०. तेही ८९. आज शेवटचा.

गणिती | १६ एप्रिल

आजचं गणित सोपं आणि क्रूर आहे. विंग्ज मॉन्ट्रियलला त्यांच्याच घरी, वॉशिंग्टन फिलाडेल्फियात, एकाच वेळी. दोघंही जिंकले तर ९१-९१ आणि वॉशिंग्टन आत. विंग्जनी जिंकावं आणि फिलाडेल्फियाची प्रार्थना करावी, हाच सरळ रस्ता. फिलाडेल्फिया ८७ वर आहे, त्यांना साठ मिनिटांतच जिंकायला हवं, शिवाय तुमची हार हवी. म्हणजे तुम्हाला ज्यांची मदत हवी आहे, त्यांना तुमचं वाटोळं हवं आहे.

खडकीवाला | १६ एप्रिल

हे हॉकी आहे की भाऊबंदकी?

रेस्टनची रेवा | १६ एप्रिल

नाना, आज काही झालं तरी धागा बंद करू नका.

नोव्हीचे नाना | १६ एप्रिल, रात्री

जिंकलो. आणि बाहेर.

ट्रॉयची तारा | १६ एप्रिल, रात्री

मी टीव्ही बंद करून गाडी धुवायला गेले. रात्री. थंडीत.

पहाटचहा | १७ एप्रिल

आमच्याकडे उजाडलं तेव्हा सगळं संपलं होतं. मला नीट कळलं नाही, जिंकल्यावर बाहेर कसे? कोणीतरी सांगा, नवरा बोलण्याच्या मनःस्थितीत नाही. शिकागोवाला असून!

नोव्हीचे नाना | १७ एप्रिल

सांगतो, ताई. टीव्हीवर मॉन्ट्रियल, लेकीच्या फोनवर फिलाडेल्फिया. आम्ही मागे, ते १-१.

फिलाडेल्फियाला बरोबरी नकोच होती, साठ मिनिटांत विजय हवा होता. म्हणून त्यांचे प्रशिक्षक टॉर्टोरेला गुरुजींनी बरोबरी असतानाच आपला गोली बाहेर बोलावून सहावा हल्लेखोर आत पाठवला. बरोबरीत असं कोणी करत नाही. जाळं रिकामं. ओशीने लांबून पक सोडला आणि तो घरंगळत आत गेला. २-१, वॉशिंग्टन.

इकडे आमचा पेरॉन. सामना संपायला तीन-चार सेकंदं उरलेली असताना त्याने बरोबरी केली. घरात नुसता कल्लोळ. आधी काय झालं आणि नंतर काय, याची माझ्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. लेक एका डोळ्याने रडत होती आणि एका डोळ्याने नाचत होती एवढं आठवतं. मग शूटआउट झाला, तोही आम्ही जिंकला. ५-४. शेवटी कोणी हात वर केले नाहीत. खेळाडूंना कळलं होतं.

९१ आणि ९१.

गणिती | १७ एप्रिल

साठ मिनिटांतले विजय: वॉशिंग्टन ३२, डेट्रॉइट २७. शेवटचे तीन विजय तुम्ही ओव्हरटाइम आणि शूटआउटमध्ये मिळवलेत. ते तिन्ही साठ मिनिटांत मिळवले असते तरी ३० च झाले असते. म्हणजे या आठवड्यात काही चुकलं असं नाही, घाव मार्चचा आहे. आणि वॉशिंग्टनचा गोलांचा फरक उणे ३७.

खडकीवाला | १७ एप्रिल

तिन्ही विजय ५-४. श्रीजेशचा स्कोअर. पण पदक नाही.

ट्रॉयची तारा | १७ एप्रिल

मार्चमधल्या त्या सातपैकी एकात ओव्हरटाइमपर्यंत पोचून हरलो असतो तरी आज आत असतो. हरूनसुद्धा!

मिसिसागाकर | १७ एप्रिल

नाना, माझ्याकडून मनापासून. आमच्याकडे ये, बॉस्टन आम्हाला हरवेल तेव्हा एकत्र बसून रडू.

रेस्टनची रेवा | २९ एप्रिल

रेंजर्सनी आम्हाला ४-० ने घरी पाठवलं. चारही. तुमची जागा घेतली ती ही. वाईट वाटलं, म्हणून कळवलं.

नोव्हीचे नाना | २९ एप्रिल

रेवाताई, त्यात तुमचा काय दोष. पण खरं सांगू? चारही हरलो असतो तरी त्यातले दोन सामने आमच्या घरी झाले असते.

खडकीवाला | १९ मे

धागा वर काढतोय. काल रात्री बंगळुरू बघितलंत का? आठपैकी सात हरले होते! मग सलग सहा जिंकले, आणि काल चेन्नईला नुसतं हरवायचं नव्हतं, १८ धावांनी हरवायचं होतं. २७ ने हरवलं. धोनी बाद झाल्यावर मला नाना आठवले.

गणिती | १९ मे

तिथे शेवटचा निकष त्यांच्या हातात होता. इथे नव्हता. तुलना अपुरी आहे, पण आनंद समजू शकतो.

मालवणी मसाला | १९ मे

सगळं राहू दे, अष्टपादाचं काय झालं?

नोव्हीचे नाना | २० मे

शनिवारी सुकं केलं. बायकोने आधी उकडून घेतला, मग कांदा, भरपूर मसाला, वर कोकम. मी सांगितलं की इथले लोकही फेकायच्या आधी उकडूनच घेतात, म्हणजे बर्फाला चिकटत नाही. ती म्हणाली, म्हणजे अर्धा स्वयंपाक करतात आणि टाकून देतात?

थोडा वातड झाला. दीड महिना फ्रीजरमध्ये होता, त्याचाही इलाज नव्हता. लेकीने दोन पाय खाल्ले, मोजून. उरलेले सहा पुढच्या वर्षी, म्हणाली.

मालवणी मसाला | २० मे

वातड होऊ नये म्हणून उकडताना झाकण उघडू नका आणि मीठ शेवटी घाला. पुढच्या वेळी लहान बघून आणा.

नोव्हीचे नाना | २० मे

लहान फेकला तर वरच्या रांगेतून दिसत नाही हो.